श्रीमंतीचा दाखला

"साहेब, मले श्रीमंत करा," मनोहरभाऊ म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

मी हातातलं पेन खाली ठेवलं. या माणसानं माझ्याकडं आजवर नेमकी उलटी मागणी केली होती. दर मार्चअखेर सेलूहून मोटारसायकलवर वर्ध्याला यायचं, कापडी पिशवीतून बिलांचा गठ्ठा काढायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "औंदा जरा कमीच दाखवा, साहेब. धंद्यात काई राह्यलं नाई." हे म्हणताना चेहरा इतका उतरलेला असे, की आमच्या टायपिस्ट बाई त्यांना न विचारता पाणी आणून देत.

मी सीए, म्हणजे लोकांच्या हिशेबावर सही करणारा माणूस. माझ्या सहीमुळं आकडा खरा होतो असं लोकांना वाटतं. मुळात आकडा खरा असेल तरच मी सही करायची असते, एवढा साधा फरक समजावण्यात माझी अर्धी नोकरी आणि आता बरीचशी प्रॅक्टिस गेली.

"किती श्रीमंत?" मी विचारलं.

"पन्नास लाख. राहतं घर सोडून."

सेलूच्या मेन रोडवर मनोहरभाऊंचं कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. दुकान चांगलं चालायचं. गळ्यात चेन, खिशात दोन मोबाइल, गणपतीच्या वर्गणीत पहिलं नाव. साल २००७. शेअर बाजार रोज वर चाललेला, नागपूरकडच्या जमिनींना सोन्याचा भाव आलेला, आणि ज्याच्याकडं चार पैसे आहेत असा प्रत्येक माणूस स्वतःला हुशार समजायला लागला होता. तेजीचा काळ असाच असतो. त्यात मूर्ख माणूस सापडत नाही.

मनोहरभाऊंनी खिशातून एक चकचकीत पुस्तिका काढली. जाड कागद, काचेच्या इमारती, हसणारी माणसं. मुंबईचा एक खाजगी फंड होता. मोठ्या शहरांभोवतीच्या जमिनी घ्यायच्या, त्यावर बांधायचं, विकायचं. तीन ते पाच वर्षं पैसे अडकणार. कमीत कमी पंचवीस लाख. आणि खाली बारीक अक्षरांत अट होती की हा फंड फक्त 'क्वालिफाइड इन्व्हेस्टर'साठी आहे, आणि त्याची निव्वळ मालमत्ता पन्नास लाखांच्या वर असल्याचा सीएचा दाखला जोडावा.

हे प्रकरण काय असतं ते थोडक्यात सांगतो. एखादी कंपनी सगळ्या जनतेकडून पैसे मागते तेव्हा तिला बरंच काही उघड करावं लागतं. खाजगी फंड मोजक्याच लोकांकडून पैसे घेतो, त्यामुळं त्याच्यावर तेवढं लक्ष नसतं. मग हे मोजके लोक कोण? तर ज्यांना व्यवहार कळतो, आणि ज्यांचे पैसे बुडाले तरी चूल पेटत राहील असे. अमेरिकेत याचे रीतसर नियम होते म्हणे. आपल्याकडं तेव्हा तशी पक्की व्याख्या नव्हती, फंडवाले आपापल्या अटी लावायचे. पण तत्त्व तेच. म्हणजे 'क्वालिफाइड' हा मान नव्हे. ज्याच्या नुकसानीबद्दल कोणी हळहळणार नाही असा माणूस, एवढाच त्याचा अर्थ.

मनोहरभाऊंना मी हे अगदी याच शब्दांत सांगितलं. त्यांना त्यातला मानच ऐकू आला.

"समोरच्या गोविंदले भेटलं सर्टिफिकेट," ते म्हणाले. "हार्डवेअरवाला गोविंद! त्याले नागपूरच्या हॉटेलात जेवाले बोलावलं होतं. टाय लावलेले पोट्टे त्याले 'सर, सर' करून राह्यले होते. मी काय त्याच्यापेक्षा कमी हाय का?"

"त्याला दाखला दिला कोणी?"

"नागपूरच्या एका सीएनं. अर्ध्या घंट्यात."

अर्ध्या तासात पन्नास लाख निर्माण करणारे लोक आमच्या व्यवसायात आहेत. कधीकधी त्यांचा हेवा वाटतो.

"पैसे कुठले घालणार?" मी विचारलं.

"हिंगणीचे."

हिंगणीची शेती त्यांच्या सासऱ्यांची. बोर धरणाच्या अंगाला, जंगलालगत. सासऱ्यांना एकच मुलगी, मनोहरभाऊंची बायको कुसुमवहिनी. सासरे गेल्यावर शेत वहिनींच्या नावावर चढलं. दोन महिन्यांपूर्वी नागपूरच्या एकानं फार्महाऊससाठी ते चाळीस लाखांना घेतलं. पैसे वहिनींच्या खात्यात होते, आणि त्यांचं काय करायचं हे वहिनींनी ठरवलेलं होतं. मुलगी पल्लवी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला होती. तिला सेलूत रक्त-लघवी तपासण्याची स्वतःची लॅब टाकायची होती. मशिनं पाहून झाली होती, जागेचा सौदाही झाला होता.

"मग लॅबचं काय?" मी म्हणालो.

"लॅब कुठी पयून जाते? तीन सालात पैसे डबल. मंग दोन लॅबा टाकू."

मी त्यांचं खातं काढलं. निव्वळ मालमत्ता काढणं हे काही अवघड शास्त्र नाही. तुमच्या नावावर जे जे आहे ते एका बाजूला, तुम्ही ज्यांचं ज्यांचं देणं लागता ते दुसऱ्या बाजूला. वजाबाकी करायची. चौथीच्या मुलाला येते.

दुकानातला माल, गावातली उधारी, मोटारसायकल, विम्याची पॉलिसी. यातून बँकेचं कर्ज गेलं. बियाणं कंपन्यांची देणी गेली. मग अजून एक देणं गेलं, त्याचं पुढं सांगतो. खाली उरले सव्वाचार लाख.

मनोहरभाऊ हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

"अन दुकानाची बिल्डिंग?"

"ती वहिनींच्या नावावर आहे."

"नावावर हाय. पन माही हाय ना."

"हिंगणीचे चाळीस लाख?"

"ते बी तिच्या नावावर. पन माहेच ना!"

सुरुवातीला प्लॉट घेताना पैसे कमी पडले, तेव्हा वहिनींचे लग्नातले सगळे दागिने मोडले होते. म्हणून प्लॉट त्यांच्या नावावर घेतला. तसं केलं की बिल्डिंगचं भाडं वहिनींचं उत्पन्न ठरतं, मनोहरभाऊंचं उत्पन्न तेवढं कमी दिसतं. कायद्यात बसणारी गोष्ट. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानदारांनी हेच केलेलं असतं. नवऱ्याच्या लेखी ती एक युक्ती असते. बायकोच्या लेखी ते रात्रीची भाकर टाकताना कुठंतरी करायची सही असते.

"भाऊ, मी दाखल्यावर लिहीन ते कोर्टात वाचलं जाऊ शकतं," मी म्हणालो. "तुमच्या नावावर जे नाही ते मी लिहिणार नाही. खोटं लिहिलं तर माझी सनद जाईल."

"इतकी वर्षं तुमीच तर गरीब दाखवलं मले!"

"दाखवलं नाही. लिहून काढलं."

ते रागानं उठून गेले. चौथ्या दिवशी परत आले ते एका पोराला घेऊन. गुलाबी शर्ट, टाय, केसांना जेल. फंडाचा 'रिलेशनशिप मॅनेजर', नाव रोहन. त्यानं मला दोन कार्डं दिली, एक उन्हाळ्यात घामानं भिजेल म्हणून असावं.

"सर, सिंपल आहे," रोहन म्हणाला. "मॅडमनी सगळं सरांना गिफ्ट करायचं. नवरा-बायकोत गिफ्टवर टॅक्स नाही. सर क्वालिफाय होतात, मॅटर क्लोज."

चुकीचं नव्हतं ते. बायको नवऱ्याला देऊ शकते. पण फक्त चाळीस लाख दिले असते तरी पन्नास होत नव्हते. बिल्डिंगही द्यावी लागणार होती. आणि बिल्डिंगचं बक्षीसपत्र घरी चुलीजवळ होत नाही. रजिस्ट्रारसमोर स्वतः उभं राहावं लागतं, फोटो, अंगठा, आणि "स्वखुशीनं देताय ना?" हा प्रश्न.

"मारते ते सही," मनोहरभाऊ म्हणाले. "कधी विचारत बी नाई."

"या वेळी मी विचारणार," मी म्हणालो. "कागद मी करतोय. त्यांना समोर वाचून दाखवल्याशिवाय मी पुढं जाणार नाही."

"दाखवा ना बाप्पा! रविवारी घरीच या. जेवून जा."

रविवारी मी सेलूला गेलो. रोहन आधीच येऊन बसला होता. दिवाणखान्यात मनोहरभाऊंच्या शेजारी, अगदी खेटून. वहिनींनी पाणी दिलं, पोहे दिले आणि पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मनोहरभाऊंनी टीपॉयवर बोट ठेवलं.

"इथं सही कर. उद्या वर्ध्याले जाऊन येऊ."

"कशाची हाय?"

"काई नाई. बिल्डिंग अन हिंगणीचे पैसे माह्या नावावर करून राह्यलो."

वहिनींनी पेन घेतलं नाही. नवऱ्याकडं बोट करून त्या कपाळाला आठ्या घालत मला म्हणाल्या, "बिल्डिंग यायच्या नावावर नाई का, साहेब?"

"नाही. तुमच्या नावावर आहे. पहिल्यापासून."

"माह्या?"

"तुमचे दागिने मोडून प्लॉट घेतला ना. खरेदीखत तुमचं आहे."

त्या बसल्या. नवऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर, सोफ्यावर. मला वाटतं त्या सोफ्यावर त्या पहिल्यांदाच बसत असाव्यात, कारण मनोहरभाऊ चमकून सरकले. दागिने गेले हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्याच्या बदल्यात काही मिळालं होतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

इथं रोहनचं डोकं चाललं. पोराला दाद द्यायला हवी. त्यानं मनात बेरीज केली, बिल्डिंग अधिक चाळीस लाख, आणि उठून सरळ वहिनींच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसला. मनोहरभाऊंकडं पाठ.

"मॅडम, मग गिफ्टची गरजच नाही! तुम्हीच क्वालिफाइड आहात. ॲप्लिकेशन तुमच्या नावानं करू. पुढच्या महिन्यात नागपूरला इन्व्हेस्टर डिनर आहे, तुम्हाला कार पाठवतो."

"अन मी?" मनोहरभाऊ म्हणाले.

"सर, तुम्ही पण येऊ शकता. स्पाउज अलाऊड आहे."

मी पोह्यांत तोंड घातलं. हसू आवरेना. मनोहरभाऊंचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच दुकानात त्यांना रांगेत उभं केलंय. मग ते माझ्याकडं वळले आणि एकदम गंभीर आवाजात म्हणाले,

"साहेब, याच्यात धोका हाय ना?"

"आहे."

"पैसे बुडू शकतात?"

"शकतात. मी तुम्हाला ऑफिसात सांगितलं होतं."

"मंग तिले सांगा ना! ते भोळी हाय. तिले काय समजते याच्यातलं?"

चार दिवसांपूर्वी हाच धोका त्यांना नागपूरच्या हॉटेलातल्या जेवणासारखा चवदार लागत होता. सही बायकोची होणार म्हटल्यावर तो दिसायला लागला. माणसाला अक्कल अशी वेळेवर आली की मला फार बरं वाटतं.

मी वहिनींना सगळं सांगितलं. मनोहरभाऊंना सांगितलं होतं तेच. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग विचारलं,

"म्हंजे बुडाले तर कोनाकडं जायाचं नाई?"

"जवळपास नाही."

"अन याले श्रीमंत लोकायचा फंड म्हनतात?"

"हो."

"श्रीमंतायचं डोकं फिरलं असन." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "मले नाई करायचा. लॅब करायची हाय."

"मॅडम, एक मिनिट..." रोहन म्हणाला. आवाज बदलला होता. "चेक ऑलरेडी प्रोसेसमध्ये आहे."

मी मनोहरभाऊंकडं पाहिलं. ते पंख्याकडं पाहत होते.

दुकानाच्या ड्रॉवरमध्ये वहिनींचं चेकबुक असे. पानं आधीच सही केलेली. म्हणजे दुकानातून उठून घरी सही घ्यायला यायची दगदग नको. ही सुद्धा आमच्या भागातली रीत. त्यातलंच एक पान पंचवीस लाखांचा आकडा घालून मनोहरभाऊंनी रोहनला देऊन टाकलं होतं. दाखल्याचा पत्ता नव्हता, फॉर्म अर्धवट होता, पण पैसे आधी. गोविंदच्या पुढं नंबर लागावा म्हणून. पल्लवीची लॅब त्या पोराच्या बॅगेत होती आणि घरात ते कोणालाच माहीत नव्हतं.

"कोनता चेक?" वहिनी म्हणाल्या.

"हिंगणीचा," मनोहरभाऊ पुटपुटले.

मला खरंच राग आला. मी इतका वेळ हसत होतो ते थांबलं.

"चेक परत कर," मी रोहनला म्हणालो.

"सर, ऑफिसला जमा..."

"फॉर्म अर्धा, आज रविवार, ऑफिस बंद. चेक तुझ्याकडं आहे. नसेल तर उद्या बँक उघडताच वहिनी 'स्टॉप पेमेंट'चं पत्र देतील." हे पत्र म्हणजे खातेदारानं बँकेला सांगायचं, की या चेकवर पैसे देऊ नका. "आणि खालची सही त्यांची असली तरी आकडा त्यांनी लिहिलेला नाही, हेही त्या पत्रात मी लिहीन. तुझ्या फंडाचं नाव घालून."

तो घुटमळला. वहिनी उठल्या. त्यांनी त्याच्यासमोर हात पुढं केला, पोरानं चोरलेला लाडू परत मागावा तसा.

"सही माही हाय ना? आन इकडं."

त्यानं बॅग उघडली. वेगवेगळ्या रंगांची प्लास्टिकची फोल्डरं काढली, एकात बघितलं, दुसऱ्यात बघितलं. चेक तिसऱ्यात होता. वहिनींनी तो नीट वाचला. वाचायला वेळ लागला, कारण शून्यं बरीच होती. मग त्यांनी त्याचे चार तुकडे केले आणि पोह्याच्या रिकाम्या बशीत टाकले. रोहन "मीटिंग आहे" म्हणून गेला. रविवारी सेलूत कसली मीटिंग, देव जाणे.

मला वाटलं संपलं. मीही उठलो. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बसा जी साहेब. बिल्डिंग माही हाय म्हनता. मंग दुकानाचं भाडं?"

मनोहरभाऊंनी मला डोळ्यानं खुणावलं. मी खुणा पाहायचं सोडलंय. चष्मा लागला तेव्हापासून.

"लागतं ना. दर महिन्याला. दुकानाच्या हिशेबात तुमच्या नावानं खर्ची पडतं. त्याचं तुमचं रिटर्नसुद्धा मी भरतो."

"मले तर कधी भेटलं नाई."

"दिलेलं नाही. म्हणून ते दुकानाकडून तुमचं येणं म्हणून साचत गेलं."

तेच ते देणं, जे मी वजाबाकीत धरलं होतं.

"किती साचलं?"

"अकरा लाखांच्या आसपास."

वहिनी नवऱ्याकडं वळल्या. आवाज चढला नाही, पण मनोहरभाऊंनी पाय जवळ घेतले.

"परवा गॅसचे पैसे मागतले तं तुमी मले मागच्या महिन्याचा हिसाब इचारला. दळनाचा, भाजीचा. अन माहे अकरा लाख घेऊन बसले?"

"अगं ते कागदावर हाय! खरं नाई ते!" मनोहरभाऊ ओरडले. "साहेब, सांगा ना तिले, कागदावर हाय म्हून!"

"कागदावर आहे म्हणजे खरंच आहे, भाऊ," मी म्हणालो. "मी सही केली आहे. तुम्ही केली आहे. वहिनींनीही केली आहे."

त्या दिवशी मी जेवलो नाही. स्वयंपाक झालाच नव्हता.

लॅब दिवाळीच्या आधी सुरू झाली. पल्लवीनं सेवाग्रामची नोकरी सोडली. वर्षभरात बाजार कोसळला. फंडाचं फार सभ्य इंग्रजीत एक पत्र आलं, गोविंदभाऊंनी ते माझ्याकडं वाचून घेतलं. मुदत वाढवली आहे, सहकार्याबद्दल आभार, इतकंच त्यात होतं. मुदत आणखी दोनदा वाढली. शेवटी घातले त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी हाती आलं. रोहन तोपर्यंत विमा विकायला लागला होता. गोविंदभाऊंना तो दाखला देणाऱ्या सीएचा फोन लागत नसे.

मनोहरभाऊ मात्र पानठेल्यावर सांगत फिरले, "मले पयलेच वास आलता. मी म्हटलं, आपल्याले नाई पायजे. हे आतली गोष्ट हाय, सगळ्यायले नाई समजत." आजही सांगतात. वहिनी ऐकतात आणि काही म्हणत नाहीत. त्यांना त्याची गरज उरलेली नाही, कारण भाडं आता चेकनं, त्यांच्या हातात येतं. थकलेल्या अकरा लाखांचा हप्ता वेगळा. चेकबुक त्यांच्या कपाटात असतं आणि त्यातल्या एकाही कोऱ्या पानावर सही नसते.

दर वर्षी त्या स्वतंत्र येतात, आपल्या रिटर्नवर सही करण्याआधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, आणि तोवर मला दुसरं काम करू देत नाहीत. मागच्या खेपेला करारात भाडेवाढीचं कलम घालायला सांगून गेल्या. त्यानंतर दोन दिवसांनी मनोहरभाऊ माझ्याकडं एकटेच आले.

"साहेब, तुमी माहे सीए की तिचे?"

"दोघांचा. फी वेगवेगळी."

लोक मला अजूनही विचारतात, खाजगी फंडात घालू का, खूप मोठे लोक आहेत, मला निवडलंय. मी परतावा बघत नाही, पुस्तिका उघडत नाही. एवढंच विचारतो, की पैसे कोणाचे आहेत आणि तिला विचारलं का. निम्मे तिथूनच परत जातात.